आतल्या सामानासह

बाई : म्हणजे हा संपादक आजारी आहे, एवढं तरी तुमच्या खात्याला मान्य आहे.

उपसचिव : आजारी आहे हे मान्य आहे, बाई. कैदी आहे हेही मान्य आहे. फक्त ‘आजारी कैदी’ आहे असं आम्हाला सभागृहात म्हणता येत नाही.

बाई : का बरं?

उपसचिव : कारण शेजारचं सरकार लेखी कळवतं की आमच्या तुरुंगात एकही आजारी कैदी नाही. आपण त्यांना मदत देतो ती याच अटीवर. ही अट आपणच घालायला लावलीत, मागच्या अधिवेशनात. आमच्या मंत्र्यांनी आपल्याला आश्वासन दिलं, शेजाऱ्यांनी ते पाळलं. इतकं तंतोतंत पाळलेलं आश्वासन माझ्या अख्ख्या नोकरीत मी पाहिलेलं नाही.

बाई : पाळलं म्हणजे काय केलं? औषधपाणी सुरू केलं?

उपसचिव : नाही. जो आजारी पडेल त्याला फाटकाबाहेर काढायला लागले.

बाई : सोडून देतात?

उपसचिव : सोडतील कसे? शिक्षा आहे ना. दवाखान्यात पाठवतात.

बाई : मग तो दवाखान्यात आहे म्हणा की. मी काय तुमच्या तोंडावर हात ठेवलाय?

उपसचिव : दवाखाना त्याला घेत नाही. बेडी घातलेला माणूस खाटेवर ठेवणं म्हणजे मानवी हक्कांचा भंग, असं डॉक्टर म्हणतात. तीही अट आपलीच होती. पोटकलम ‘ब’.

बाई : अहो, मग बेडी काढा.

उपसचिव : बेडी काढायला तुरुंगाधिकाऱ्यांचा हुकूम लागतो. तुरुंगाधिकारी म्हणतात, असा कैदी आमच्याकडे नाहीच, मग मी बेडी कुणाची काढू?

बाई : तुरुंगात नाही, दवाखान्यात नाही. मग माणूस आहे कुठे?

उपसचिव : वाटेत.

बाई : वाटेत म्हणजे?

उपसचिव : आपण त्यांना रुग्णवाहिका दिली होती, आठवतं? पांढरी, निळ्या पट्ट्याची. त्यात. तुरुंगापासून दवाखान्यापर्यंत जाते, तिथे घेत नाहीत म्हणून परत तुरुंगाकडे येते, तिथेही घेत नाहीत म्हणून परत दवाखान्याकडे. खात्याच्या अहवालात आम्ही ‘मदतीचा पुरेपूर वापर’ असं जे म्हटलंय, ते यावरूनच. इतर देशांना दिलेल्या गाड्या शेडमध्ये धूळ खात पडल्यात. ही एकटीच सतत रस्त्यावर आहे. मंत्रीमहोदयांना फार समाधान वाटलं.

बाई : आणि बाकीचे आजारी कैदी? एवढ्या मोठ्या तुरुंगात हा एकटाच आजारी पडला?

उपसचिव : बाकीचे ही हकीकत ऐकून बरे झाले. रात्री उशीत तोंड खुपसून खोकतात, असं कानावर आलंय. अधिकृत नाही.

बाई : टेबलावर हे काय आहे माहितीय तुम्हाला?

उपसचिव : पंप दिसतो. दम्याचा.

बाई : त्याच्या बहिणीने आणून ठेवलाय. लग्न होऊन इकडे आली, माझ्या मतदारसंघातली आहे, शिवणकाम करते. वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलीय सकाळपासून. दारावरच्या शिपायाने पंप आत नेऊ दिला नाही, म्हणून माझ्याकडे ठेवून गेली. मला म्हणाली, ‘बाई, तुम्ही प्रश्न विचारला की सरकारला उत्तर द्यावंच लागतं ना?’ मी म्हटलं, हो, द्यावंच लागतं. आता तिला जाऊन काय सांगू? वाटेत आहे म्हणून?

उपसचिव : खरं तर मी आपल्याकडे आलो तो आनंदाची बातमी घेऊन. आपण इतकी वर्षं मागणी करताय ना, की माणसं अशी कोंडणाऱ्या सरकारला मदत देऊ नका? मंत्रीमहोदयांनी ती मान्य केली आहे. आज उत्तरात ते जाहीर करतील, मदत थांबवली.

बाई : कोण, आमचे मंत्री? सूर्य कुठे उगवला आज? हा गृहस्थ मला साधी वेळ मान्य करत नाही.

उपसचिव : खर्चात कपात करायचीच होती. त्यात आपली मागणी आयतीच सापडली. आपलं नाव घेऊन आभारही मानणार आहेत.

बाई : त्या माणसाने केलं काय होतं हो? त्याच्या बहिणीलाही धड सांगता येत नाही.

उपसचिव : त्यांच्या राष्ट्रप्रमुखांनी एका पुलाचं उद्घाटन केलं. याने साप्ताहिकात छापलं की पूल उत्तम आहे, पण खाली नदी नाही.

बाई : आणि आहे?

उपसचिव : न्यायालयाने नदीला हजर राहण्याची नोटीस काढली होती. ती आली नाही. त्याचा फायदा सरकारला मिळाला.

(उपसचिवाच्या खिशातला फोन वाजतो. तो नाव बघून फोन परत खिशात ठेवू लागतो.)

बाई : कुणाचा आहे?

उपसचिव : त्याच गाडीचा ड्रायव्हर. रोज याच वेळी डिझेलची मंजुरी मागायला फोन करतो. नंतर बोलतो मी.

बाई : आत्ता बोला. आणि मोठ्याने लावा, मलाही ऐकू दे.

ड्रायव्हर : साहेब, नमस्कार. मीच. दवाखान्याच्या फाटकावरून बोलतोय. नाही म्हणाले, नेहमीप्रमाणे. चहा मात्र दिला. डिझेलचं बघा, काटा खाली आलाय.

बाई : दादा, मी सभागृहातून बोलतेय, सदस्य आहे. तुमच्या गाडीतल्या माणसाची तब्येत कशी आहे?

ड्रायव्हर : अरे वा, बाई. नमस्कार. तब्येत म्हणजे कसं आहे, गाडी पळते तोवर बरी. मी मागची दोन्ही दारं दोरीने बांधून उघडी ठेवतो, वारं खेळतं, मग श्वास लागतो जरा. गाडी थांबली की छाती वाजायला लागते. म्हणून मी फाटकावर फार वेळ काढत नाही. नाही म्हणायचं तर पटकन म्हणा, असं सांगून ठेवलंय त्यांना. ते पण आता मी दिसलो की लांबूनच मान हलवतात.

बाई : गाडीत प्राणवायूची टाकी असेल ना? ती लावा.

ड्रायव्हर : आहे की, चांगली नवीकोरी आहे. पण सील आहे. साहेब म्हणाले, हस्तांतर झाल्याशिवाय सील तोडायचं नाही.

बाई : कसलं हस्तांतर?

उपसचिव : ते जरा राहून गेलंय. मदत दिली की समारंभ होतो, दोन्हीकडचे मंत्री फीत कापतात, किल्ली देतात, मग वस्तू त्यांची. आपल्या मंत्र्यांना तारीखच मिळेना. फीत अजून गाडीच्या तोंडावर बांधलेली आहे.

ड्रायव्हर : मळलीय आता. मी धुऊन परत बांधली एकदा.

बाई : आणि पहारेकरी? कैद्याबरोबर कुणी पोलीस नाही?

ड्रायव्हर : होता की. चांगला माणूस होता. पण त्याला गाडी लागायची. एक दिवस चक्कर येऊन पडला. त्याला मात्र दवाखान्याने लगेच घेतलं. तो काय कैदी नव्हता.

बाई : तुम्ही कुणाचे नोकर, दादा? त्यांचे की आपले?

ड्रायव्हर : आपला. गाडीबरोबर गेलो. मी पण मदतच आहे, बाई. साहेब, डिझेलचं तेवढं करा. आज नाही मिळालं तर उद्या दुपारी गाडी उन्हात उभी करावी लागेल, आणि मग माझ्याच्याने ते बघवायचं नाही.

बाई : फोन ठेवू नका. धरून ठेवा तसाच. उपसचिव, मदत थांबवली म्हणजे डिझेलही थांबणार?

उपसचिव : डिझेल हा मदतीचाच भाग आहे. आजपासून बंद.

बाई : म्हणजे माझी मागणी मान्य झाली की माझा माणूस गुदमरून मरणार. मान्य झाली नाही तर जन्मभर त्या रस्त्यावर हिंडणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

उपसचिव : आपण प्रश्न मागे घेऊ शकता. नियमात तरतूद आहे. किंवा उलट मागणी करा, डिझेल वाढवून द्या म्हणून.

बाई : मी? मी उभी राहून म्हणू, त्या सरकारला आणखी द्या? आणि वर बसलेल्या बाईला काय सांगू, तुझ्या भावाला फिरवत ठेवायची सोय केली? थांबा. ही गाडी अजून त्यांची झालेली नाही, असंच म्हणालात ना तुम्ही?

उपसचिव : कायद्याने आपलीच आहे. फीत कापेपर्यंत.

बाई : टाकी आपली?

उपसचिव : आपली.

बाई : स्ट्रेचर?

उपसचिव : आपलं. बेडी फक्त त्यांची.

बाई : ती पोस्टाने परत करा. मदत नुसती थांबवू नका. परत मागवा. ‘दिलेली रुग्णवाहिका तत्काळ परत मागवण्यात येत आहे, आहे त्या स्थितीत, आतल्या सामानासह.’ लिहा.

उपसचिव : बाई.

बाई : काय झालं?

उपसचिव : आतल्या सामानासह म्हणजे... सीमेवर तपासतात.

बाई : काय तपासतील? कैदी पळवला म्हणून तुरुंग तक्रार करेल? तुरुंग म्हणतो, आमचा नाही. रुग्ण पळवला म्हणून दवाखाना बोंब मारेल? तो म्हणतो, आमचा नाही. जो कुणाचाच नाही, तो हरवेल कसा?

उपसचिव : तर्क बरोबर आहे. त्यांचाच आहे खरं तर. पण मंत्रीमहोदय...

बाई : मंत्री सभागृहात काय वाचतात?

उपसचिव : मी लिहून देतो ते.

बाई : आधी वाचून बघतात?

उपसचिव : चष्मा उभं राहिल्यावरच लावतात.

बाई : मग झालं की.

उपसचिव : बाई, रागावू नका, एक विचारतो. आपण माणसाच्या हक्कांवर इतकी वर्षं बोलता. आपली भाषणं आम्ही प्रशिक्षणात वाचून दाखवतो. आणि आज आपणच सांगताय, त्याला सामान लिहा?

बाई : लाज वाटते मला, नाही असं नाही. पण माणूस लिहिलं की नाव विचारतील, नाव सांगितलं की गुन्हा विचारतील, आणि मग बसतील पुन्हा नदीची वाट बघत. सामान म्हटलं की कुणी काही विचारत नाही, नुसता शिक्का मारतात. लिहा तुम्ही.

उपसचिव : ‘आहे त्या स्थितीत’ हे नको. आपल्याकडच्या नाक्यावर मोडतोडीचा पंचनामा मागतील, दिवस मोडेल. ‘वापरलेल्या स्थितीत’ लिहितो. त्याला पंचनामा लागत नाही.

बाई : हे बरं सुचलं तुम्हाला.

उपसचिव : ड्रायव्हरही घालतो. सामान व चालक. नाहीतर ते तिकडेच अडकायचे.

ड्रायव्हर : मी ऐकतोय हो, साहेब. उपकार झाले.

बाई : दादा, काट्यावर किती आहे? सीमेपर्यंत पुरेल?

ड्रायव्हर : दवाखान्याकडे आणि तुरुंगाकडे न वळता सरळ गेलो तर पुरेल. मला फक्त वळायची सवय लागलीय, ती मोडायला पाहिजे.

उपसचिव : घंटा झाली, बाई. पहिलाच प्रश्न आपला आहे. हा कागद मला मंत्र्यांच्या हातात द्यायचाय.

बाई : द्या. आणि जाता जाता सज्जात निरोप पाठवा. तिला म्हणावं, खाली माझ्या खोलीत ये, पंप घे आणि सीमेवरच्या नाक्यावर जाऊन उभी राहा. माझी गाडी घेऊन जा म्हणावं.

उपसचिव : कशासाठी म्हणून सांगू? सरकारचं उत्तर अजून सभागृहात यायचंय. त्याआधी फोडलं तर हक्कभंग होतो.

बाई : सांगा, बाईंचं सामान येतंय, ते उतरवून घ्यायचंय. पळा आता. दादा, आहात ना?

ड्रायव्हर : आहे, बाई. चालू करू?

बाई : टाकीचं सील तोडा आधी. गाडी आपली आहे, टाकी आपली आहे, कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.

ड्रायव्हर : तोडलं. लावतो त्यांना. हे बघा, हात हलवतायत. काहीतरी म्हणतायत. थांबा, ऐकतो. म्हणतात, कुठे चाललोय? काय सांगू? तुरुंग की दवाखाना?

बाई : सांगा, बहिणीकडे.

ड्रायव्हर : सांगितलं. तोंड फिरवलं त्यांनी पलीकडे. निघतो मी, बाई. पुढचा रस्ता मोकळा आहे, तासाभरात नाक्यावर आणून टाकतो तुमचं सामान.

बाई : एवढी घाई नको, दादा. सावकाश चालवा. आत माणूस आहे.