जत्रेआधीची थंडी

उर्सुला : बर्फ पडला काश्मिरात आणि कुडकुडतंय आमचं नंदाखाल? फेबियन, शाळेत पोरांना हेच शिकवतोस तू?

फेबियन : हेच शिकवतो, आय. यंदा तिकडे लवकर बर्फ पडला. त्यावरून सुटलेला वारा सरळ खाली उतरतो. एरवी समुद्रावरचा खारा वारा आपल्याला सांभाळून घेतो, पण या उत्तरेच्या वाऱ्यानं त्याला आत येऊच दिलं नाही. त्यात आभाळ कोरडं. ढग असले की जमिनीची ऊब खालीच राहते. ढग नाहीत, म्हणून ती रात्रभर वर निघून जाते.

उर्सुला : अरे, पण अजून निर्मळची जत्रा व्हायचीय! आपण घोंगड्या घेतो त्या जत्रेत, थंडी येते त्याच्यानंतर. जत्रेआधी तोंडातून वाफ निघते म्हणजे काय?

फेबियन : तुझ्या आयुष्यात कधीच आली नव्हती अशी?

उर्सुला : आली होती एकदा. ते राहू दे. जाईल कधी ते सांग.

फेबियन : रेडिओवर म्हणाले, अजून दोन-तीन दिवस तरी हटणार नाही. पानवेली तर काळ्या पडल्याच.

उर्सुला : जळोत त्या वेली, परत लावू. बाळाचं बोल. महिनाभर आधी जन्मलेलं पोर, उचलायची भीती वाटते. आजच्या आज फादरना घरी बोलाव. बाप्तिस्मा देऊन जातील.

विनी : हळू बोला, आत्ताच निजलाय तो. आणि आय, पुन्हा तेच? आत सगळं ऐकू येतं मला. बाप्तिस्मा नाताळाच्या आदल्या रविवारी, देवळात. माझी बहीण सुझान वांद्र्याहून येणार, तीच गॉडमदर. माझ्या पप्पांचं नाव ठेवायचं, युजीन. सगळं ठरलंय ना आपलं?

उर्सुला : ठरवणारे आपण कोण, बाय?

विनी : बघा, हेच! घाई कशाची आहे ते तोंडानं बोलून टाका ना एकदा. माझं बाळ वाचत नाही असं वाटतं तुम्हाला.

फेबियन : विनी, आय तसं नाही म्हणत.

विनी : मग कसं म्हणतात त्या? डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, ऊब द्या, दूध पाजा. मी रात्रभर त्याला पोटाशी धरून बसते. आणि ह्या सारख्या येऊन त्याच्या नाकाशी बोट धरतात! माझ्या जिवाचं काय होत असेल?

उर्सुला : बरं. फादरना नको बोलावू, फेबियन.

फेबियन : झालं तर मग. विषय संपला.

उर्सुला : तसं नाही रे. आता गरज नाही उरली.

विनी : म्हणजे?

उर्सुला : पहाटे तुझा डोळा लागला होता. मी विहिरीचं पाणी काढून आणलं. थंडीत ते कोमट असतं, त्याला गार नाही लागलं. तीनदा डोक्यावर घातलं. शब्द म्हटले.

फेबियन : आय! घरचा बाप्तिस्मा अगदी मरणाच्या दारातल्याला देतात. हा चांगला दूध पितोय!

उर्सुला : मला नको शिकवू. ठाऊक आहे मला.

विनी : मग आता देवळात काय?

फेबियन : देवळात फादर तेल लावतील, मेणबत्ती देतील. पाणी नाही. ते एकदाच.

विनी : आणि नाव? नाव काय घेतलंत तुम्ही?

उर्सुला : युजीनच घेणार होते. देवाची शपथ. तोंडातून थॉमस निघालं.

विनी : कोण थॉमस? आपल्या घरात कुणी थॉमस नाही.

उर्सुला : होता. फेबियनच्या आधीचा माझा.

फेबियन : माझ्या आधीचा? आय, मला कधी बोलली नाहीस?

उर्सुला : काय बोलू? त्या वर्षीही जत्रेआधीच थंडी पडली. तुझी आजी म्हणाली, थंडी सरू दे, मग देवळात नेऊ. मीही हो म्हटलं. नाव मनात धरून ठेवलं होतं, हाक मारायची राहिली. डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं नव्हतं, म्हणून सिमेटरीत जागा नाही मिळाली. भिंतीबाहेर पुरला. तुझा बाप एकटाच घेऊन गेला. वर आजी मला म्हणते, बाळंतीण असून तू विहिरीवर गेलीस, थंडी तूच घरात आणलीस.

फेबियन : अशी कुणी थंडी आणतं का, आय?

उर्सुला : म्हणून तर सकाळपासून तुझा जीव खातेय. तिकडच्या बर्फानंच येते ना? नक्की?

फेबियन : नक्की. तू विहिरीवर गेली नसतीस तरी ती येणारच होती.

उर्सुला : तुझी आजी असायला हवी होती हे ऐकायला.

विनी : आय, तुम्ही मला न विचारता केलंत. मी नाही विसरणार हे.

उर्सुला : नको विसरू. मला उठवलं असतंस, तर तू हो म्हणाली नसतीस, म्हणून केलं... काय बोलतेय मी. तुला उठवलं असतं तर, म्हणायचं होतं मला.

विनी : बसा तुम्ही. ही शाल घ्या.

उर्सुला : तुला ठेव.

विनी : घ्या म्हणते ना. ... कसा होता तो?

उर्सुला : कोण?

विनी : थॉमस.

उर्सुला : हे कुणी विचारलंच नाही गं मला. सावळा होता. डोकं भरून केस. आणि शेवटी शेवटी रडायचाच नाही. आम्हाला वाटलं, किती गुणी पोर, एवढ्या थंडीत गपगार झोपलंय.

(आतल्या खोलीत बाळ रडू लागतं.)

विनी : आले रे, आले. गप, गप हं...

उर्सुला : गप नको करू, बाय. रडू दे. चांगलं मोठ्यानं रडू दे त्याला.