इनग्रिडचा खांदा

ग्लेन वेव्हर्लीच्या ट्रेनमध्ये नीरजाच्या मागच्या सीटवर आई आणि मुलगा बोलत होते.

“इनग्रिड स्वतः वडिलांना खांदा देणार? बाईमाणसाने?”

“नॉर्वेत मुलीही देतात, आई.”

“सोसवेल का सुनेला माझ्या?”

“उचलून नेण्याला ते ‘बॅरं’ म्हणतात. आपला ‘भार’ त्याच मुळातून आलाय, हजारो वर्षांपूर्वी. पोटात मूल वागवण्यालाही त्यांच्याकडे तोच शब्द.”

दोन स्टेशनं मागे पडली. नीरजाला वाटलं, विषय संपला.

“आमचे बाबा गेले, तेव्हा मला घराच्या फाटकापाशीच थांबवलं होतं.”

“हे कधी बोलली नाहीस.”

“तिचा उजवा खांदा दुखतो. डाव्या खांद्यावर घ्यायला सांग तिला.”