पुढच्या चाकाचा आवाज

गाड्या धुण्याच्या दुकानात माझ्या आधी एकच मोटरसायकल होती. धुणारा पुढच्या चाकापाशी उकिडवा बसला होता आणि गाडीवाले काका त्याच्या डोक्यावर उभे.

"काका, हा नुसता चिखल नाही. ब्रेकची काळी भुकटी आहे, पार चिकटून बसलीय. कधीपासून धुतली नाही?"

"मुलगा परदेशी नोकरीला गेला तेव्हापासून. गाडी त्याची, आता मी चालवतो."

"आधी फेस मुरू देतो, मग ब्रश. घाई केली तर रंगही निघेल."

"होऊ दे सावकाश. फक्त तो आवाज घालव. ब्रेक दाबला की अख्ख्या गल्लीला कळतं."

"ही भुकटीच ओरडते. ती गेली की ब्रेक गप्प. शेजारी कटकट करतात का?"

"शेजाऱ्यांचं काय घेऊन बसलास! आमची ही. आवाज आला की हातातलं टाकून दाराकडे धावते. तीन वर्षं झाली, तरी तिला वाटतं पोरगाच आला. दार उघडते, तर मी."

"मग निघताना काकूंना फोन करत जा."

"करतो की."

"तरी?"

"तरी."

"घ्या, झालं. एक चक्कर मारून बघा."

काका कोपऱ्यापर्यंत जाऊन आले. ब्रेक दाबला, पण चूं की चां नाही.

"बघा! काय म्हणालो होतो?"

"हो रे. आता परत आवाज यायला किती दिवस लागतील?"

"अहो काका, आत्ताच तर घालवला!"

"घालवलास खरा. पण मला खिडकीतून दिसते ना ती. दार उघडेपर्यंत हसत असते रे."