कमानीवरची मर्यादवेल

माननीय अध्यक्ष नानासाहेब, देवगडहून उन्हातान्हात आलेले शाळा तपासनीस साहेब, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती गुरुदास मास्तर, आणि वाळूवर बसून घेतलेल्या माझ्या गाववाल्या बंधुभगिनींनो,

मी काथ्याचा व्यापारी. शिक्षण तिसरी, तेही निम्मं खिडकीबाहेरून ऐकलेलं. कान मात्र तिखट आहेत. मागे कोण कुजबुजलं, "भिकाजी आज लांबवतलो", तेही ऐकू आलं. नाही लांबवत, दाजी.

पन्नास साली आषाढात समुद्र या शाळेच्या पडवीत आला होता, आठवतं ना? पुढच्या पावसात मास्तरांनी समोरच्या वाळूत मर्यादवेल लावायला घेतली. आपट्यासारखं दुभंगलेलं पान, जमिनीलगत सरपटणारी. मी हसलो. म्हटलं, "मास्तरानू, ह्या खावक नाय, इकूक नाय, कित्याक लावतास?" म्हणाले, "समुद्राला सांगायला, इथवरच." समुद्राला मर्यादा शिकवणारा मास्तर आम्ही तोवर पाहिला नव्हता!

वेलीची कांडी घ्यायची, दोन पेरं ओल्या वाळूत, एक वर. पहिलं वर्ष गुरांपासून राखायची, तुडवू द्यायची नाही. मग भर वैशाखातही ती घोटभर पाणी मागत नाही. दहा वर्षांत तिने कमरेएवढी वाळू धरली. समुद्र पुन्हा पडवीत आला नाही.

आता जे सांगायला जीभ रेटत नाही, ते सांगतो. काल मीच शंकरला म्हणालो, "सायब येतले, शाळेफुडचा रान साफ कर." शंकर कामाला पक्का. आठ माणसं घेऊन त्याने मुळासकट साफ केलं. वर आमची हौस पाहा. एवढी हिरवी वेल फुकट कशाला घालवा, म्हणून तिचीच ही कमान! आज सकाळी सुभद्राबाई मासळीची पाटी घेऊन जाताना थांबल्या नि म्हणाल्या, "रे भिकाजी, निरोप मास्तराक दितस, काय शाळेक?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. धावत मास्तरांकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "मुळं राहिली का?" म्हटलं, "नाय." मग तेच मला धीर देत म्हणाले, "कमान छान झालीय हो."

रागावले असते तर बरं झालं असतं. उद्याच्या गाडीने ते सावंतवाडीला, लेकीकडे निघाले. उधाण महिन्यावर आलंय. तापल्या वाळूत कांडी धरत नाही, आणि धरली तरी वाळू अडवायला वर्षं लागतात. जन्मभर दोर वळले मी. वाळू कशाने बांधू?

म्हणून एक विनंती. घरी जाताना कमानीची एकेक कांडी न्या, माठाखालच्या ओलीत ठेवा. मृग लागला की घेऊन इथे या. जगतील का, ते मास्तरही सांगत नाहीत.

पाहुण्यांचे, मंडप घालणाऱ्यांचे, शंकरचेसुद्धा आभार. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला, असं वक्त्याने म्हणायचं असतं. ते तुम्ही घालालच. कमानीची चूक मास्तरांनीही पोटात घातली. समुद्र काय पोटात घालतो, ते आषाढात कळेल.