वरच्या अडतीस जोड्या

बाळासो : मधनं वाचू नगंस. वरनं वाच.

दीक्षा : आबा, तीनदा वाचून झालं की.

बाळासो : मग आण हिकडं, मीच वाचतो. लेकाच्या पाटीवर अक्षर शिकलेला माणूस हाय मी, सावकाश वाचणार. "कोल्हापूरच्या... दीक्षाची... गगनभरारी. आकाशगंगेतल्या... तीनशे बारा... जोडगुच्छांचा शोध."

तानूबाई : नातीचा फोटू आलाय पेपरात. गल्लीत पेढं वाटायचं सोडून ह्यो माणूस सकाळधरनं तिची परीक्षा घ्यालाय.

बाळासो : तू गप गं. "ताऱ्यांचं प्रत्येक चित्र... मी स्वतःच्या... डोळ्यांनी तपासलं, असं दीक्षानं सांगितलं." कुणाच्या डोळ्यांनी, दीक्षा?

दीक्षा : त्या बातमीदाराकडं दहा मिनिटं होती, आबा. तो विचारत गेला, मी हो हो म्हणत गेले.

बाळासो : आन् परदेशी छापायला धाडलंयस त्या लेखात? तिथंबी धाच मिनिटं हुती? काय लिहिलंयस ते मराठीत सांग. मला इंग्रजी येत न्हाय, पर लबाडी कुठल्याबी भाषेत कळती.

दीक्षा : "प्रत्येक चित्र पहिल्या लेखिकेने डोळ्यांनी तपासले आहे."

बाळासो : पहिली लेखिका कोण?

दीक्षा : मी.

बाळासो : सहाशे सतरा चित्रं. त्यातली तू किती बघितलीस?

दीक्षा : पहिली शंभर. तुम्हाला माहितीय ते. तुमचं आणि माझं अकरा ठिकाणी जुळलं नव्हतं. मी एकेकावर दोन दिवस घालवून ती अकरा आकड्यांनी परत तपासली, तर नऊ ठिकाणी तुम्ही बरोबर निघालात. म्हणून तर बाकीची तुमच्याकडं दिली.

बाळासो : दिलीस. चार महिनं त्या खिडकीत बसलोय मी.

तानूबाई : ते मला इचारा. जेवायला हाक मारली की म्हणायचं, थांब, ह्या पोरांचं वय बघतो. घरभर ती खसखस सांडल्यागत चित्रं. एकदा भाकरी उचलली तर खाली चित्रच.

दीक्षा : मग काय लिहायचं होतं मी? "चित्रं माझ्या आजोबांनी तपासली. ते कबनूरला कापडाच्या चेकिंगला होते. शाळेत कधी गेले नाहीत." असं लिहू?

बाळासो : खरं हाय की ते.

दीक्षा : खरं आहे म्हणूनच लिहिता येत नाही, आबा! तुम्हाला काय माहिती तिथं कसं बघतात ते. बंगळूरच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न काय होता सांगू? "थिसिस सगळा स्वतःच केलाय ना?" माझ्या आधी चार जण आत जाऊन आले, त्यांना कुणी विचारलं नाही. माझं आडनाव वाचलं आणि विचारलं. इथं चहाच्या गाड्यावरसुद्धा मला ऐकू येईल असं बोलतात, हिला काय, हिला सगळं आयतं मिळतंय.

बाळासो : म्हणून आयतं घेतलंस व्हय?

तानूबाई : अवं!

बाळासो : अवं काय? चुकीचं बोललो?

दीक्षा : हां, घेतलं! घेतलं आयतं! मग चार वर्षं मी काय केलं? उपग्रहानं मोजलेल्या लाखो ताऱ्यांतनं एकेक वेचला. कुठला तारा किती लांब, कुणीकडं चाललाय, कुठल्या गुच्छातला. कुठले दोन गुच्छ शेजारी शेजारी एकाच वाटेनं चाललेत. ते तुम्ही केलं? तुम्ही शेवटी वय तेवढं बघितलंत.

बाळासो : तेवढंच बघितलं. मी कवा म्हटलं जास्त केलं म्हणून? पर तूच सांगितलतंस न्हवं, लांबी जुळली, वाट जुळली, तरी वय जुळल्याबिगार दोघं वायूच्या एकाच ढगातनं जन्मलेली लेकरं म्हणता येत न्हाय म्हणून? एस्टीत शेजारी बसलेली दोन माणसं काय भाऊ असत्यात? ते वय डोळ्यानंच बघाय लागतंय, असंबी तूच म्हणालीस. सूत तुझं, विणकाम तुझं. मी उजेडाला धरून बघणारा. पर बघणाऱ्यानं सोडल्याबिगार तागा बाहेर पडत न्हाय, हे मला शिकवू नगंस.

दीक्षा : नाव पाहिजे ना तुम्हाला? घालते. शेवटी आभार असतात, त्यात घालते. छपाईच्या आधीचं प्रूफ आज पाचपर्यंत परत पाठवायचंय. एक ओळ वाढवायला काही होत नाही.

बाळासो : नाव घाल त्या चुलीत! नावासाठी भांडतोय व्हय मी? आं? सकाळपासनं तुला एकच ओळ वाचाय लावालोय, आन् तू आपली नाव नाव करालीस. आकडा वाच. किती जोड्या म्हणतोय पेपर?

दीक्षा : तीनशे बारा.

बाळासो : माझ्या हातनं दोनशे चौऱ्याहत्तर गेल्यात.

दीक्षा : नाही आबा, मी स्वतः यादी केलीय...

बाळासो : दोनशे चौऱ्याहत्तर! पांढऱ्या चिंधीनं बांधलेलं गठ्ठं. पंचवीस पंचवीसचं धा, आन् शेवटचा चोवीसचा. तांबड्या चिंधीत तीनशे पाच, त्या मी टाकल्या. मग ह्या वरच्या अडतीस आल्या कुठनं?

दीक्षा : थांबा... कपाटावर सुटी चित्रं होती.

बाळासो : सुटी. का सुटी हुती?

दीक्षा : तुम्ही तेव्हा दवाखान्यात होता, उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनला. माझ्या गाइड सरांना त्याच दिवशी लेख पाठवायचा होता. मी आज्जीला विचारलं...

तानूबाई : मला?

दीक्षा : तूच म्हणालीस, कपाटावरचं सगळं ने म्हणून.

तानूबाई : मला कपाट पुसायचं हुतं, म्हणून म्हटलं ने! मला काय ठावं त्यात कुणाचं लगीन जुळलंय आन् कुणाचं मोडलंय?

बाळासो : पांढरं ते पास. तांबडं ते टाकलेलं. सुटं म्हंजे अजून बघायचंय. कबनूरातलं शेंबडं पोरगं सांगंल हे! डोळ्यावर सारखी साय आल्यागत व्हायला लागलं, म्हणून तेवढी अडतीस मी मागं ठेवलती. आन् ती न बघता पुढं गेली, वर तुझ्या डोळ्यांनी तपासलेली म्हणून गेली!

दीक्षा : ओरडू नका. अडतीसच आहेत. आणि अंतर, चाल कॉम्प्युटरनं जुळवलेली आहे. बहुतेक बरोबरच असतील.

बाळासो : बहुतेक.

दीक्षा : हो, बहुतेक.

बाळासो : मी तीनशे पाच टाकल्या. म्हंजे निम्म्याच्या वर. त्याबी कॉम्प्युटरनं जुळवलेल्याच हुत्या. मग ह्या अडतीसच तेवढ्या बहुतेक बरोबर कशा? कॉम्प्युटर शेवटी शेवटी शाणा झालता?

तानूबाई : अगं, बोल की. काय इचारालेत ते.

दीक्षा : काय बोलू? नसतील. निम्म्या चुकीच्या असतील.

बाळासो : आण ती चित्रं. पाच वाजायला लई टाईम हाय.

(दीक्षा माळ्यावरचं खोकं उतरवून आणते. दारातल्या उजेडात तिघंही खाली बसतात.)

तानूबाई : आता बसलोयच तर मलाबी दाखवा. ह्यात वय कुठं लिहिलंय?

बाळासो : लिहिलेलं न्हाय, वाकलेलं हाय. हे बघ, तांबडं ठिपकं एका घोसाचं तारं. निळं ते दुसऱ्याचं. राखाडी हाईत ते वाटसरू, मधीच आलेले, त्यांना मोजायचं न्हाय. आता हा ठिपक्यांचा पट्टा खालनं वर चाललाय आन् इथं शेंडा वाकलाय. घोस जेवढा म्हातारा, तेवढा खालनंच वाकतो. तांबडं आन् निळं एकाच जागी वाकलं की जुळी. तीन-चार घोस असं जुळलं तर मी त्याला भावकी म्हणायचो. हिनं इंग्रजीत काय घातलंय कुणास ठावं.

दीक्षा : ग्रुप.

बाळासो : भावकी चांगलं हुतं. दे वरचं... हे काय गं? छापणारा बदलला व्हय?

दीक्षा : नाही. त्याच दुकानातली, सगळी एकाच दिवशी छापलेली.

बाळासो : निळं असलं न्हवतं. असलं मोरावाणी निळं मी एकाबी चित्रात बघितलेलं न्हाय.

तानूबाई : डॉक्टरनं सांगितलतं की, रंग उजळ दिसतील म्हणून. ऑपरेशन झालं त्या आठवड्यात माझं लुगडं बघून इचारालासा, नवं घेतलंस व्हय. धा वर्सांचं हाय ते!

बाळासो : दीक्षा, पांढरा गठ्ठा सोड. शेवटचा, चोवीसचा.

दीक्षा : ते तर तुम्ही पास केलेले आहेत.

बाळासो : सोड म्हणतोय न्हवं! दे. आता गप बसा दोघीबी... डावा झाकतो. निळं. उजवा झाकतो. राखाडी.

दीक्षा : काय?

बाळासो : परत बघतो. डावा झाकला, निळं. उजवा झाकला, राखाडी. डाव्याचं ऑपरेशन राहिलंय अजून. म्हंजे तवा दोन्ही डोळ्यांनी मला असंच दिसत हुतं. हे खालच्या अंगाला बारीक, फिकट निळं ठिपकं हाईत बघ, सात-आठ. मला राखाडी दिसलं. वाटसरू म्हणून सोडून दिलं मी. ते सोडलं की निळ्याचा शेंडा तांबड्यावर बसतोय. धरलं तर पार खाली जातोय. हा घोस म्हातारा हाय. तांबडा कालचं पोर हाय. ही जोडी न्हाय. आन् मी चिंधी बांधून दिली तुला.

तानूबाई : एखादं चुकतंय की हो.

दीक्षा : एकच असेल, आबा. सुरुवातीला तर तुम्ही माझ्यापेक्षा बरोबर होता. बहुतेक शेवटच्या एक-दोन गठ्ठ्यांत...

बाळासो : बहुतेक म्हणू नगंस! डोळा काय एका दिवसात जातो? साय कधी धरली मला म्हाईत न्हाय. कुठल्या गठ्ठ्यापासनं, मला म्हाईत न्हाय. चार महिनं ऐटीत बसलो हुतो, शिकलेल्या पोरीला मागं टाकलं म्हणून. आन् दिसत न्हवतं! दिसत न्हाय हेबी दिसत न्हवतं. थू!

तानूबाई : आता स्वतःवर थुका. सकाळी पोरीवर झालं, आता स्वतःवर. दुपारी माझ्यावर या, मी मोकळीच हाय.

दीक्षा : मग काय करायचं?

बाळासो : मला काय इचारतीस? लेखिका तू हाईस.

दीक्षा : टोमणे पुरे. खरंच विचारतेय.

बाळासो : सगळ्या परत बघायच्या. टाकलेल्याबी. राखाडी समजून निळं सोडलं, त्यानं जशा चुकीच्या पास झाल्या, तशा काही चांगल्याबी टाकल्या असतील. सहाशे सतरा.

दीक्षा : पाचच्या आत नाही होणार ते.

बाळासो : न्हाय हुणार.

दीक्षा : फोन द्या माझा. आज्जी, तुझ्या मागं हाय बघ... हॅलो, सर, दीक्षा बोलतेय. प्रूफ आज नाही पाठवता येणार... नाही, छपाईची चूक नाही. यादीच चुकलीय... जोड्यांची यादी... सर, ती चित्रं मी तपासली नव्हती. शंभर तपासली, बाकीची माझ्या आजोबांनी... नाही सर, थट्टा नाही करत. आजोबा. घरी... हो, ते वाक्य खोटं आहे. मीच लिहिलं... किती म्हणजे, सगळ्याच. तीनशे बाराच्या तीनशे बारा परत बघायला लागतील... सर, आज छापून आलंय ते मलाही माहितीय... सर? हॅलो?

तानूबाई : काय म्हणाला?

दीक्षा : ठेवला.

तानूबाई : रागात?

दीक्षा : "लेख मी थांबवतो, पण बंगळूरला का थांबवला हे मीच कळवणार" म्हणाले.

तानूबाई : म्हंजे नोकरी?

दीक्षा : माहीत नाही, आज्जी. बहुतेक... माहीत नाही.

बाळासो : हे बघ दीक्षा. माझं नाव आता कुठं घालू नगंस. आभारात न्हाय, कुठंच न्हाय.

दीक्षा : का?

बाळासो : का काय? बाद मालावर कोण नाव घालून घेतंय?

दीक्षा : व्वा. बरोबर हुतं तवा मी तुमचं नाव खाल्लं, म्हणून सकाळपासनं माझी सालटी काढलीसा. आता चुकलं तर तुमी लपणार व्हय? ते न्हाय जमायचं. दोघांचीबी नावं जाणार. कुणी बघितलं, किती बघितलं, कशानं चुकलं, सगळं लिहिणार.

बाळासो : मोतीबिंदूबी?

दीक्षा : मोतीबिंदूबी.

तानूबाई : कपाट पुसणारीचं तेवढं नगं घालूस.

बाळासो : हसतीस काय, दीक्षा? बस हिकडं, उजेडाला. आता बघणार तू. मी नुसतं एकेक धरतो. तुझी शंभर संपल्यावरच्या पहिल्या गठ्ठ्यापासनं. हं, हे घे. घाई न्हाय. तांबडं बघ, मग निळं बघ, मग बोल.

दीक्षा : तांबड्यांचा शेंडा इथं वाकतोय... निळ्यांचा... आबा, हा तुमचा अगदी पहिला गठ्ठा आहे.

बाळासो : हाय म्हाईत. बोल.

दीक्षा : न्हाय जुळत.

बाळासो : मग माझ्या तोंडाकडं काय बघालीस? बाजूला ठेव.