इयत्ता तिसरी, वय त्रेसष्ट

मुलगी: बाबा, आधी ती शिलाई मशीन थांबवा. माझं लग्न झालंय का?

बाप: माझ्या माहितीत तरी नाही. मला न सांगता उरकलंस की काय?

मुलगी: मग मला आठ वर्षांचा मुलगा कुठून आला?

बाप: अगं बाई!

मुलगी: त्या परदेशातल्या शाळेचं पत्र आलंय. नोकरी मिळाली. इंग्रजी शिकवायचं, दोन वर्षांचा करार, दोन खोल्यांचं घर. घरात माझ्या मुलासाठी छोटी खाट, आणि त्याला तिसरीत फुकट प्रवेश.

बाप: नोकरी मिळाली?

मुलगी: आधी खाटेचं बोला.

बाप: किती लांब आहे?

मुलगी: बाबा!

बाप: सांगतो. मंगळवारी तू फोन चार्जिंगला लावून दूध आणायला गेलीस. फोन वाजला. तिकडची बाई. नुसती लाह्या फुटाव्यात तसं इंग्रजी. म्हटलं, आता ठेवला तर पोरीची नोकरी जायची. म्हणून येत होतं तेवढं बोललो.

मुलगी: तुम्हाला काय येतं?

बाप: तीन महिने रोज स्टुलावर बसवून शिकवलंस तेच. आय ॲम एट इयर्स ओल्ड. आय लाइक ॲपल्स.

मुलगी: ती मुलाखतीची तालीम होती हो! मला समोर विद्यार्थी हवा होता म्हणून तुम्ही आठ वर्षांचे.

बाप: ते त्या बाईला कुठं ठाऊक?

मुलगी: आणि आवाज? या घोगऱ्या आवाजात आठ वर्षं?

बाप: बारीक काढला. तूच म्हणायचीस, बाबा, जीव ओतून करा.

मुलगी: देवा! आणखी काय विचारलं तिनं?

बाप: पुष्कळ. त्यातलं एक कळलं. वेअर इज युवर मदर? दुसऱ्या धड्यातलं.

मुलगी: मग?

बाप: पूर्ण वाक्यात उत्तर दिलं. माय मदर इज इन द किचन. ती हसली. गुड बॉय म्हणाली. शाळेत असताना मास्तर कधी म्हणाले नव्हते.

मुलगी: बाबा, आई जाऊन चार वर्षं झाली.

बाप: वाक्य पुस्तकातल्या पोराचं आहे, मला कळतं. पण म्हणताना मला तुझी आईच दिसायची. ओटा पुसताना. ते एक वाक्य मला पाठ करावं लागलं नाही.

(मशीन दोन टाके घालते आणि थांबते.)

मुलगी: मी खरं काय ते लिहून टाकते. मूल नाही, बाप आहे. त्यालाच घेऊन येते.

बाप: चालतं तसं?

मुलगी: नाही. नियम वाचले मी. मूल नेता येतं, आईवडील नाही.

बाप: शहाणी माणसं आहेत. तिसरीच्या बाकात माझे गुडघे कुठं मावायचे?

मुलगी: मग नाही म्हणून कळवते. उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय.

बाप: डोकं फिरलंय का? या कोटाला अस्तर लावून झालं. एवढा जाड कोट इथल्या उन्हात घातलास तर लोक डॉक्टरला बोलावतील.

मुलगी: तुम्हीच म्हणाला होतात, नोकरी हातात आल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

बाप: म्हणालो होतो.

मुलगी: आली हातात.

बाप: मला वाटलं, घरबसल्या परदेशातली नोकरी कुणाला मिळते! म्हणून तर ती अट घातली.

मुलगी: मिळू नये म्हणून? मग तीन महिने सफरचंदं कशाला आवडून घेतलीत?

बाप: रोज संध्याकाळी तासभर समोर बसायचीस. घरात कुणीतरी बोलायचं. चार शाळांनी नकार दिला ना, त्या चारही रात्री मला गाढ झोप लागली. आता राग काढ हवा तर.

मुलगी: ...पत्रात काय लिहू?

बाप: येते म्हणून लिही.

मुलगी: आणि मुलाचं?

बाप: तो येणार नाही म्हणावं. मोठा झाला.

मुलगी: मंगळवारपासून?

बाप: होतात पोरं. समोर बसल्या बसल्या होतात. ये, उभी राहा, बाही बघू दे. जरा लांब झालीय. असू दे, बोटं झाकतील थंडीत.

मुलगी: बाबा, टाचणी टोचतेय.

बाप: म्हणून रडतेस होय? बरं, एक वाक्य शिकव. तू गेल्यावर इथं कुणी विचारलं मुलगी कुठंय, तर काय सांगू? आपल्या भाषेत सांगायला जड जाईल मला.

मुलगी: म्हणा, माय डॉटर इज अब्रॉड.

बाप: माय डॉटर... हं. आलं. विचार आता.

मुलगी: वेअर इज युवर डॉटर?

बाप: माय डॉटर इज इन द किचन.