दुधासंगं घेतलेली गोळी

मी मूळची नेसरीकडची. आमच्याकडं आईला अव्वा म्हनत्यात, त्या अव्वाच्या मागं मागं गोठ्यात रांगतच मी मोठी झाले, धार काढायला कवा शिकले म्हनून इचाराल तर न्हाय सांगता यायचं मला, चालायला कवा शिकले ते तरी कुनाला आठवतंय. लगीन होऊन उचगावात आले तर हितं बी म्हशीच. आमच्या मालकांचा धंदाच त्यो, पहाटं म्हशी हाकत कोल्हापुरात दुधाच्या कट्ट्यावर न्यायच्या, गिऱ्हाईक पेला घेऊन उभं असायचं आनि हे त्या पेल्यातच धार मारायचं, फेसासकट गरम गरम. मानसं उभ्या उभ्याच प्यायची आनि मिशा पुसत कामाला जायची. मालक म्हनायचं, शालन, ज्येच्या पोटात धारंचं दूध हाय त्येला डॉक्टर लागत न्हाय. म्हनायचं म्हंजे काय, मनापास्नं म्हनायचं वो.

संदीप, आमचा एकुलता एक, कालेजात जायला लागला त्या सुमाराला माजं अंग जड व्हायला लागलं. तोंड सुजल्यागत, केस विंचरलं की झुबका हातात, आवाज घोगरा, उन्हाळ्यात बी थंडी वाजायची आनि बसल्या जागी डोळा लागायचा. सासूबाई आल्या-गेल्याला सांगायच्या, गोठ्यात चार म्हशी हुत्या, आता ही पाचवी बांधलीया. मी ऐकून घ्यायची. मालक तेवढं म्हनायचं, आई, तिला कायतरी दुखनं हाय, ती अशी न्हवं.

त्येंनीच दवाखान्यात नेलं. रगात तपासलं, डॉक्टर म्हनलं, गळ्याजवळ थायरॉईडची ग्रंथी असती, तुमची दमलीया, तिच्यातला रस आता गोळीतनं द्यायचा, जल्मभर, आनि सकाळी उपाशी पोटी घ्यायची. झालं. मालकांनी ते मनावर घेतलं. गोळ्या उष्ण असत्यात, रिकाम्या पोटी आतडं जाळत्यात, दुधासंगं घे म्हनलं. मी म्हनलं, उपाशी घ्या म्हनलंय की. तर म्हनलं, अगं खुळे, दुधानं कवा उपास मोडतोय व्हय, संकष्टीला काय पितीस मग. खरंच की. आमच्यात उपास दुधावरच असतोय. तवापास्नं रोज, कट्ट्यावर निघायच्या आदी, पयल्या म्हशीची पयली धार माज्या पेल्यात. एका हातात पेला आनि एका हातात गोळी. सासू बगायची, तोंड वाकडं करायची, तरी त्येंनी कवा चुकवलं न्हाय. बायकूला अशी गोळी देनारा नवरा आमच्या गल्लीत दुसरा नव्हता, आनि मला त्येचा लई अभिमान हुता, खोटं कशाला बोलू.

पर गुन येईना. रगात तपासलं की टीएसएच म्हनून आकडा असतोय त्यो वरच. डॉक्टर इचारायचं, उपाशी पोटी घेता न्हवं, मी म्हनायची व्हय, आनि गोळी वाढवून मिळायची. पन्नासची शंभर झाली, शंभरची दीडशे. दाराभाईर पेशंटची रांग, पानी की दूध हे कोन कुनाला इचारतंय. दीडशेवर मातूर आकडा जाग्यावर बसला. अंग हलकं झालं, आवाज सुटला, चार वरसं बरी गेली बगा. त्येवढीच बरी गेली.

मग मालकांना कावीळ झाली. पयल्यांदा वाटलं साधी असंल, झाडपाल्याचं औषिद घेतलं, डोळं हळदीगत पिवळं, आनि मानूस बगता बगता हातातनं गेलं. काय सांगू तुमास्नी पावणं, धिप्पाड मानूस, म्हशीला शिंगाला धरून मागं सारनारा, खाटल्यावर पोरावानी दिसत हुता. तेराव्याला मी सगळ्यांफुडं त्येंच्या नावानं दूध सोडलं. आमच्यात सोडत्यात, गेलेल्या मानसाच्या आवडीची वस्तू, कोन आंबा सोडतंय, कोन गूळ. मी दूध सोडलं. दही न्हाय, ताक न्हाय, चहा बी कोरा. म्हशी मातूर ठेवायच्या असं ठरवलं. संदीप कारखान्यात कामाला जायचा, त्येला ह्यातलं जमंना, म्हनलं मी हाय की, माज्या हाताला धार हाय, तुज्या बाचा धंदा मी चालवते. तेवढं एकच मनात धरलं हुतं. कट्ट्यावर बाई उभी ऱ्हायलेली मानसांनी पयल्यांदा वाईच बगितलं, मग पेलं फुडं केलं.

गोळी चालूच हुती, दीडशेची, आता पान्यासंगं. दोन-तीन म्हैन्यांत हात कापायला लागलं. छातीत धडधड, नुसती बसले तरी पळून आल्यागत. अंगात आग, झोप न्हाय, लुगडं कमरंवर ठरंना इतकी वाळले. सगळी म्हनायची, नवऱ्याचा ध्यास घेतलाय हिनं. मला बी तसंच वाटायचं. दुखनं कुठलं आनि दुःख कुठलं, आपल्याला काय कळतंय.

संदीपनं रगात तपासून आनलं. टीएसएचफुडं बाण खाली, आकडा जवळजवळ न्हाईच. त्यो म्हनला, आई, थायरॉईड पार तळाला गेलंय तुजं, म्हनून ही दशा. डॉक्टर परगावी गेलते, म्हनला, ते येस्तोवर एकाच्या जागी दीड गोळी घे. पोरगं शिकलेलं, काळजीनं सांगतंय, मी घेतली. कोन न्हाय घेनार.

आठ दिसांनी सकाळच्याला धार काढायला बसले आनि डावा हात सडावरनं घसरला. धरतीया तर बोटं वळंनात. चरवी लवंडली, दूध सगळं शेनात, आनि मला हाक मारायची तर जीभ उचलंना. म्हैस मागं वळून माज्याकडं बगत हुती.

मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीनबाई हुत्या. त्येंनी पयला सवाल केला, गोळी कशासंगं घेता. मग मी अडखळत अडखळत सगळं सांगितलं, ते दूध आनि हे पानी. बाईंनी जुनं रिपोर्ट फुडं वडलं. मग म्हनल्या, दुधासंगं गोळी पोटात अडकती, रगतात पुरती उतरत न्हाय, म्हनून एवढी वाढवावी लागली. दूध सुटलं आनि ती सगळी गोळी अंगात उतरली. काळजाचा ताल गेला, त्यात रगात साकळलं, गुठळी झाली ती डोक्यात गेली. संदीप म्हनला, पर टीएसएच तर कमी हुतं. बाई म्हनल्या, टीएसएच म्हंजे त्यो रस न्हवं बाळा, ती मेंदूची हाक हाय. रस कमी पडला की मेंदू मोठ्यांदा मागतोय, आकडा वर. रस जास्त झाला की गप, आकडा खाली. मला तवा झटदिशी कळलं. वैरण नसली की म्हैस रेकती, पोट भरलं की गप उभी ऱ्हाती. माजी म्हैस पोट फुटायच्या गतीला येऊन गप झालेली, आनि आमी तिच्याफुडं आनिक एक पेंडी टाकली. संदीप भिताडाकडं तोंड करून रडला. मी म्हनलं, रडू नगं, तू पेंडी मायेनंच टाकलीस की.

मी बाईंना एकच इचारलं, मालकांनी दिलेलं दूध वाईट हुतं का. न्हाय वो, म्हनल्या, तेच दूध दुपारच्याला प्याला असता तर काय बी बिघडलं नसतं. त्ये एक वाक्य अजून माज्या छातीवर बसून हाय.

आता गोळी लहान हाय, पान्यासंगं, चहा बी तासाभरानं. रगात पातळ करायची दुसरी गोळी, ती बी मरस्तोवर. डावा हात हलतोय, पर वळत न्हाय. धार दोन हातांची असती पावणं. म्हशी जयसिंगपूरच्या एका मानसाला दिल्या, गोठ्यात आता संदीपची मोटारसायकल लावतोय. कट्ट्यावर आमची जागा दुसऱ्यानं घेतली. घ्येनारच की.

म्हातारी अजून हाय, ती बगा, दारात बसलीया. कान गेलं, तोंड तसंच हाय. येनाऱ्या-जानाऱ्याला सांगती, माज्या लेकानं हिला रोज धारंचं दूध पाजून जगवली, त्यो गेला, हिनं दूध टाकलं आनि हिचा हात गेला. जल्मभर मला पाचवी म्हैस म्हननारी, आता माज्यासाठी रडती आनि लेकाचं गुन गाती. मी व्हय म्हनते. आत्ती, खरं हाय, म्हनते.

तुमी लिवा सगळं. तुमच्या घरात कोन ही गोळी घेत असंल तर त्येला सांगा, पान्यासंगं घे म्हनावं, सुखी ऱ्हावा. पर लिवलेलं म्हातारीला वाचून दाखवू नगासा. तिला एकच लेक हुता.